शाळेतला रास्पबेरी पाय वारंवार बंद पडतो: बोर्ड बदलण्याआधी काय तपासावे

सर, नमस्कार.

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागातील आपल्या मराठी माध्यमाच्या हायस्कूलला एका माजी विद्यार्थ्याने ४ जीबी रॅमचा रास्पबेरी पाय ४, म्हणजे एकाच बोर्डावर मावणारा लहान संगणक, बसवून दिला असून त्यावर किविक्सच्या साहाय्याने मराठी आणि कन्नड विकिपीडिया इंटरनेटशिवाय मुलांना दाखवला जातो. यंदाच्या पावसाळ्यात तो तीन वेळा चालू होईनासा झाला आणि तिन्ही वेळा मेमरी कार्ड पुसून नव्याने भरावे लागले. पडद्याच्या कोपऱ्यात अधूनमधून पिवळ्या विजेचे चिन्ह दिसते, तारीख नेहमी मागे पडलेली असते, आणि बेळगावातील एका दुकानदाराने "हा बोर्डच कमकुवत, आठ कोअरचा दुसरा घ्या" असे सांगितले आहे. तो घ्यावा का, असे आपण विचारले आहे.

माझे उत्तर 'नको' असे आहे. आपल्या बोर्डात बिघाड असल्याचे एकही लक्षण आपल्या वर्णनात नाही. जी लक्षणे आहेत ती विजेची आणि कार्डाची आहेत, आणि नवा बोर्ड आणून त्याच अ‍ॅडॉप्टरवर व त्याच प्रतीच्या कार्डावर चालवला तर तोही पुढच्या पावसाळ्यात असाच बसेल. उद्यमबागेतील कारखान्यांत यंत्रांची मोजमापे गोळा करण्यासाठी असे लहान बोर्ड बसवण्याचे काम मी गेली अकरा वर्षे करतो आहे, आणि 'बोर्ड गेला' म्हणून माझ्याकडे आलेल्या बोर्डांपैकी बहुतेक बोर्ड योग्य वीज मिळताच चालू झालेले मी पाहिले आहेत.

ते पिवळे चिन्ह सजावटीसाठी नसते. बोर्डावर पोचणारा दाब सुमारे ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की ते उमटते. टर्मिनल उघडून 'व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड' ही कमांड द्यावी. उत्तरात नुसते शून्य आले तर यंत्र चालू झाल्यापासून दाब एकदाही घसरलेला नाही असे समजावे. ५०००० असा आकडा आला तर दाब मध्येच कधीतरी घसरून गेला आहे आणि प्रोसेसरची गती त्यामुळे कमी केली गेली होती, तर ५०००५ आला तर या क्षणीही तीच स्थिती आहे. ही कमांड किविक्स चालू असताना आणि निदान पाच-सहा मुले एकाच वेळी पाने उघडत असताना द्यावी, कारण रिकाम्या बसलेल्या यंत्राचे मोजमाप काही सांगत नाही.

यानंतर मल्टिमीटर घ्यावा. शाळेच्या विज्ञान प्रयोगशाळेत तो असेलच. बोर्डावरील चाळीस पिनांच्या ओळीत २ क्रमांकाची पिन ५ व्होल्टची आणि ६ क्रमांकाची पिन ग्राउंडची असते. त्यांवर मीटरची टोके अलगद टेकवावीत. टोक घसरून ५ व्होल्टची पिन शेजारच्या सिग्नलच्या पिनेला चिकटली तर बोर्ड कायमचा निकामी होऊ शकतो, म्हणून हात टेबलावर टेकवून हे करावे. मच्छे येथील एका कार्यशाळेत मी असे मोजत होतो, तेव्हा यंत्र शांत असताना मीटर ४.९१ दाखवत होता, आणि यूएसबीला जोडलेली डिस्क फिरू लागताच आकडा ४.५४ वर येऊन तिथेच लटपटत राहिला. अ‍ॅडॉप्टर चांगल्या प्रतीचा होता. दोष होता तो दीड मीटरच्या, मोबाइलसोबत मिळालेल्या बारीक केबलमध्ये.

याचे गणित आपण नववी-दहावीच्या मुलांकडूनही करून घेऊ शकाल. २८ गेजच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ०.२१ ओहम असतो. दीड मीटरच्या केबलमध्ये जाणारी आणि येणारी अशी मिळून तीन मीटर तार असते, म्हणजे रोध सुमारे ०.६४ ओहम झाला, आणि बोर्डाने एकच अँपिअर घेतला तरी ०.६४ व्होल्ट केबलमध्येच खर्ची पडले. रास्पबेरी पायच्या स्वतःच्या अ‍ॅडॉप्टरला याच लांबीची, पण १८ गेजची, म्हणजे बऱ्याच जाड तारेची, कायमची जोडलेली केबल असते. तिच्यात तेवढ्याच प्रवाहाला जेमतेम ०.०६ व्होल्ट जातात. शिवाय तो अ‍ॅडॉप्टर ५ नव्हे, तर ५.१ व्होल्ट आणि ३ अँपिअर देतो. वरचा तो दशांश केबलमधील घट भरून काढण्यासाठीच ठेवलेला आहे. मोबाइलच्या चार्जरवर '६५ वॅट' छापलेले असले तरी ती ताकद वरच्या दाबाला मिळणारी असते. पाय ४ तो वरचा दाब मागतच नाही, आणि ५ व्होल्टला असे कित्येक चार्जर दोनच अँपिअर देतात. म्हणून पहिला खर्च मूळ अ‍ॅडॉप्टरवर करावा, आणि तो शाळेच्या इन्व्हर्टरच्या लाइनवर लावावा. जंगलातून येणाऱ्या तारांवर फांदी पडून दिवसातून चार वेळा लाईट जाणे आपल्याकडे नवे नाही, आणि इन्व्हर्टर वीज बदलून घेतो त्या निमिषभरात चांगला अ‍ॅडॉप्टर बहुतेक वेळा तग धरतो.

आता कार्ड का बिघडते ते पाहू. अनेकांचा समज असा असतो की लिनक्सची ईएक्सटी४ ही फाइल-रचना जर्नल, म्हणजे होणाऱ्या बदलांची आगाऊ नोंद, ठेवते, त्यामुळे वीज गेली तरी सगळे सावरते. जर्नल फाइल-रचनेला सावरते हे खरे आहे, पण ते कार्डाच्या आत काय चालले आहे ते पाहू शकत नाही. कार्डातील फ्लॅश मेमरी चार-चार केबीच्या तुकड्यांनी पुसता येत नाही, एक मोठा गट एकदम पुसावा लागतो. म्हणून कार्डातील नियंत्रक जुना मजकूर इकडून तिकडे हलवत राहतो आणि कोणता मजकूर कुठे ठेवला याचा तक्ता स्वतःजवळ बाळगतो. आपल्या ग्रंथालयात पुस्तके लावताना मध्येच कोणी नोंदवही फाडली, तर पुस्तके सगळी जागेवर असूनही एकही सापडत नाही. नेमके तसेच इथे होते. तक्ता लिहिला जात असताना वीज गेली तर ज्या फाइलला त्या दिवशी कोणी हातही लावलेला नव्हता, अशी फाइलही नाहीशी होऊ शकते. म्हणूनच 'आम्ही तर काहीच सेव्ह करत नव्हतो' असे म्हणणाऱ्याचेही कार्ड जाते. यंत्र स्वतःच्या नोंदी, म्हणजे लॉग, सतत लिहीत असते.

उपाय असा की रोजच्या वापरात कार्डावर काही लिहिलेच जाऊ नये. रास्पबेरी पाय ओएसमध्ये 'रास्पी-कॉन्फिग' चालवले की परफॉर्मन्सच्या पर्यायांत ओव्हरले फाइल सिस्टिम मिळते. ती चालू केल्यावर मूळ विभाग केवळ वाचण्यापुरता उघडतो आणि जे काही लिहिले जाईल ते रॅममध्ये साठते. बूट विभागही त्याच ठिकाणी केवळ-वाचनाचा करण्याचा पर्याय विचारला जातो, तोही स्वीकारावा. यंत्र बंद होताच रॅममधले सगळे जाते आणि दुसऱ्या दिवशी ते पहिल्यासारखे स्वच्छ उठते. ज्ञानकोश दाखवणाऱ्या यंत्राला याहून काही लागत नाही. याची किंमत एवढीच की अपडेट करायचे असेल तेव्हा ओव्हरले बंद करून, यंत्र पुन्हा चालू करून, काम संपल्यावर तो पुन्हा लावावा लागतो. आमच्याकडे नवा मुलगा कामाला लागला की हे विसरतो, संध्याकाळपर्यंत जोडणी करतो आणि सकाळी सगळे नाहीसे झालेले पाहतो. म्हणून बोर्डाच्या पेटीवरच कागदावर लिहून चिकटवावे.

किविक्सच्या झिम फाइली, म्हणजे ज्यांत विकिपीडियाचा मजकूर असतो त्या, कार्डावर ठेवू नयेत. त्यांच्यासाठी यूएसबीची लहान एसएसडी घ्यावी आणि ती 'एफएसटॅब'मध्ये, म्हणजे कोणती डिस्क कुठे जोडायची ते सांगणाऱ्या फाइलीत, केवळ वाचनासाठी, 'नोफेल' या पर्यायासह जोडावी, म्हणजे डिस्क सैल झाली असली तरी यंत्र उठायचे थांबत नाही. डिस्क ईएक्सटी४ मध्ये फॉरमॅट करावी, कारण एफएटी३२ वर ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही आणि चित्रांसह इंग्रजी विकिपीडिया पुढेमागे घ्यायचा ठरला तर तो शंभर जीबीच्या आसपास जातो. पाय ४ च्या चारही यूएसबी जागांना मिळून १.२ अँपिअरच प्रवाह मिळतो, म्हणून जुनी फिरती हार्ड डिस्क जोडण्याचा मोह टाळावा.

नवे कार्ड आणल्यावर त्यात काही भरण्याआधी ते खरे आहे का ते तपासावे. ६४ जीबी छापलेले आणि आत ८ जीबी असलेले कार्ड बाजारात सर्रास मिळते. ते सुरुवातीला नीट चालते आणि भरत आले की मागचे पुसू लागते. लिनक्सवर 'एफ३राइट' आणि 'एफ३रीड' या दोन कमांड कार्ड पूर्ण भरून आणि पुन्हा वाचून खोटेपणा उघडा पाडतात. यात दोन-तीन तास जातात, पण त्यानंतर मनात शंका उरत नाही.

तारखेचे कारण वेगळे आहे. पाय ४ वर बॅटरीवर चालणारे घड्याळच नाही. इंटरनेट असेल तर तो तेथून वेळ घेतो, नसेल तर शेवटी लिहून ठेवलेली वेळ उचलतो. आता लक्षात घ्यावे की ओव्हरले चालू केल्यावर ही वेळ कार्डावर लिहिलीच जाणार नाही, म्हणजे यंत्र रोज ओव्हरले लावला त्याच तारखेला उठेल. म्हणून या दोन गोष्टी एकत्रच कराव्यात: ओव्हरले लावण्याआधी डीएस३२३१ या चिपचे लहान घड्याळ जोडून घ्यावे. त्याची वेळ वर्षाला फार तर एखादा मिनिट चुकते. जोडणी चार तारांची आहे: १ क्रमांकाच्या पिनेवरून ३.३ व्होल्ट, ३ आणि ५ या पिना आयटूसीच्या (बोर्ड आणि चिप यांच्यात माहिती नेणाऱ्या दोन तारा), आणि ९ ग्राउंडची. त्यानंतर 'कॉन्फिग.टीएक्सटी' या फाइलमध्ये 'आयटूसी-आरटीसी' हा ओव्हरले डीएस३२३१ च्या नावासह लिहावा. हा ओव्हरले वरच्या ओव्हरले फाइल सिस्टिमहून वेगळा; काय जोडले आहे ते तो यंत्राला सांगतो.

घड्याळाला ५ व्होल्ट मात्र कदापि देऊ नयेत. बाजारात मिळणाऱ्या निळ्या मॉड्यूलवर पुन्हा भरता येणाऱ्या सेलसाठी चार्जिंगची वाट दिलेली असते. त्यात साधा सीआर२०३२ सेल घालून ५ व्होल्ट दिले तर तो भरला जातो, फुगतो आणि फुटूही शकतो. मुलांच्या हाताशी असलेल्या यंत्रात हा धोका नको. दुसरे असे की त्याच मॉड्यूलवरील रोध आयटूसीच्या तारा पुरवठ्याच्या दाबापर्यंत ओढतात आणि पायच्या सिग्नल पिना ३.३ व्होल्टच्या वर सहन करत नाहीत. पुरवठा ३.३ वर ठेवला की दोन्ही प्रश्न मिटतात.

इथेच एक अडचण उभी राहते, आणि ती बहुतेकांना जोडणी झाल्यावर कळते. शिपायाने संध्याकाळी यंत्र नीट बंद करावे म्हणून एक बटण बसवणे सोयीचे असते आणि त्यासाठी 'जीपीआयओ-शटडाउन' नावाचा ओव्हरले आहे. पण तो गृहीत धरतो ती जीपीआयओ ३ (जीपीआयओ हे सिग्नलच्या पिनांचे नाव, त्यांचे क्रमांक वेगळे) म्हणजे ५ क्रमांकाचीच पिन, जी आपण आत्ताच घड्याळाला दिली. म्हणून बटण ४० आणि ३९ या शेवटच्या दोन पिनांवर लावावे आणि ओव्हरलेला जीपीआयओ २१ असे स्पष्ट सांगावे. त्या बटणाने यंत्र बंद होईल, पुन्हा चालू मात्र होणार नाही, कारण झोपलेल्या यंत्राला उठवण्याची सोय जीपीआयओ ३ वरच आहे. सकाळी भिंतीवरचे बटण दाबले की ते उठतेच, त्यामुळे शाळेत ही अडचण जाणवणार नाही.

आता त्या आठ कोअरच्या बोर्डाबद्दल. आकड्यांनी तो खरोखरच वेगवान असेल, त्यात दुकानदाराचे चुकत नाही. परंतु एआरएम, म्हणजे मोबाइलसारख्या प्रोसेसरच्या, बोर्डावर लिनक्स चालणे आणि आपल्या टेबलावरील पीसीवर लिनक्स चालणे यांत मोठा फरक आहे. पीसीमध्ये फर्मवेअर, म्हणजे यंत्रातच भरलेला मूळ प्रोग्राम, कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, सांगते की आत काय काय आहे, आणि पीसीआयवरील उपकरणे स्वतःची ओळख स्वतः देतात. त्यामुळे एकच डेबियनची पेन ड्राइव्ह टिळकवाडीतल्या जुन्या डेस्कटॉपवरही चालते आणि नव्या लॅपटॉपवरही. एआरएमच्या चिपमध्ये यूएसबीचा नियंत्रक कोणत्या पत्त्यावर आहे, एलईडी कोणत्या पिनेवर आहे, नेटवर्कच्या चिपला वीज कुठून मिळते, हे विचारून कळत नाही; ते कोणीतरी लिहून द्यावे लागते. पूर्वी हे प्रत्येक बोर्डासाठी कर्नलच्या आतच लिहिले जाई. त्यातून एवढा पसारा वाढला की २०११ साली स्वतः लिनस टोरव्हाल्ड्स यांनी त्यावर उघड नाराजी व्यक्त केली, आणि त्यानंतर 'डिव्हाइस ट्री' या वेगळ्या वर्णन-फाइलीची पद्धत एआरएमवर रुजली. आपण वर 'कॉन्फिग.टीएक्सटी'मध्ये जे ओव्हरले लिहितो, ते याच वर्णनाला जोडलेले लहान तुकडे आहेत.

याचा अर्थ असा की बोर्ड विकत घेताना आपण खरे तर त्याचे वर्णन आणि ड्रायव्हर सांभाळणारी माणसे विकत घेत असतो. चिप बनवणारी कंपनी एखाद्या जुन्या कर्नलवर स्वतःचे बदल करून देते, बोर्ड बनवणारा त्याची एक इमेज, म्हणजे कार्डावर जशीच्या तशी भरायची प्रणाली, तयार करून आपल्या पानावर ठेवतो, आणि ते बदल मुख्य कर्नलमध्ये कधी गेलेच नाहीत तर बोर्ड त्या एका कर्नलला जखडला जातो. सहा वर्षांपूर्वी मी स्वतः एका कारखान्यासाठी असे आठ बोर्ड घेतले होते. इमेज सुंदर चालत होती. पुढे एका सुरक्षाविषयक दुरुस्तीसाठी कर्नल बदलावे लागले, तेव्हा कळले की वायफायचा ड्रायव्हर फक्त त्या जुन्या कर्नलसाठी बांधलेला आहे आणि त्याचा मूळ कोड कुठेच दिलेला नाही. आठही बोर्डांना शेवटी नेटवर्कची केबल ओढावी लागली, आणि ती चूक बोर्ड निवडणाऱ्याची, म्हणजे माझी होती.

तेव्हा कोणी नवा बोर्ड सुचवला तर कोअर किती आहेत ते नंतर विचारावे. आधी असे पाहावे की मुख्य कर्नलमध्ये त्या बोर्डाच्या नावाची डिव्हाइस ट्री आहे का, आर्मबियन या एआरएम बोर्डांसाठीच्या लिनक्समध्ये तो पाठिंबा असलेल्या यादीत आहे का, आणि बोर्ड बनवणाऱ्याची शेवटची इमेज कोणत्या महिन्यातली आहे. इमेज दोन वर्षांपूर्वीची असेल आणि पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर 'नाही' असेल, तर तो बोर्ड फुकट मिळाला तरी शाळेत बसवू नये. रास्पबेरी पाय सर्वांत वेगवान कधीच नव्हता, पण २०१२ सालच्या पहिल्या बोर्डावरही आज नवी ओएस चालते, आणि जिथे सांभाळणारा माणूस आठवड्यातून एकदाच येतो तिथे हा गुण वेगापेक्षा मोठा आहे. पाय ५ ची शिफारसही मी आपल्याला आत्ता करणार नाही. त्यावर घड्याळ असते, बॅटरी तेवढी वेगळी लावावी लागते. पण त्याला ५ अँपिअरचा पुरवठा हवा असतो आणि ३ अँपिअरवर तो यूएसबीला सगळे मिळून ०.६ अँपिअरच देतो, म्हणजे जुन्या अ‍ॅडॉप्टरवर डिस्कची अडचण उलट वाढेल.

वर्गात चाळीस मुले असतील तर बोर्डाच्या स्वतःच्या वायफायवर भार टाकू नये. एक साधा राउटर केबलने जोडावा आणि वायफायचे काम त्याला द्यावे. राउटरची केबल एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत उघड्यावरून नेऊ नये. एप्रिल-मेच्या वळिवात कडाडणाऱ्या विजांनी अशाच केबलमधून माझे दोन बोर्ड घालवले आहेत. पेटी लोखंडी नको आणि पूर्ण बंदही नको. कणकुंबी-जांबोटीकडच्या दमट हवेत यंत्र शक्य तेवढा वेळ चालू राहिलेले बरे, कारण ते स्वतःच्या उबेने कोरडे राहते. सुट्टीत महिनाभर बंद ठेवलेल्या बोर्डाच्या पिनांवर मी हिरवट थर पाहिला आहे.

मुलांच्या मोबाइलमध्ये देवनागरी आणि कन्नड टंक असतातच, त्यामुळे तिकडे काही करावे लागत नाही. खुद्द बोर्डाला पडदा जोडून वापरायचे असेल आणि अक्षरांच्या जागी चौकोन दिसत असतील, तर 'फॉन्ट्स-देवा' आणि 'फॉन्ट्स-केएनडीए' ही दोन पॅकेजे घालावीत. टंकनासाठी मराठीचा इनस्क्रिप्ट आराखडा आहेच. त्याशिवाय 'कगप' नावाचा उच्चारानुसारी आराखडा मराठी व कन्नड दोन्हींसाठी मिळतो, आणि आपल्या भागात दोन्ही भाषा लिहिणाऱ्या मुलांना तो चटकन जमतो, कारण दोन्ही लिप्यांत बहुतेक कळा सारख्याच राहतात.

सगळे बसवून झाल्यावर 'एसडी कार्ड कॉपियर'ने दुसऱ्या कार्डावर प्रत काढावी. हे काम ओव्हरले लावण्याआधी करावे, म्हणजे प्रत निर्वेध होते. दोन कंपन्यांची ३२ जीबीची कार्डे नेमकी सारख्या आकाराची नसतात. हे साधन वापरात असलेल्या फाइलीच उचलत असल्याने तो फरक आड येत नाही. प्रतीतही ओव्हरले चालू करून घ्यावा, ते कार्ड पाकिटात घालून, वर तारीख लिहून, मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवावे.

यंत्र वर्गात लावण्यापूर्वी आणखी एक गोष्ट आवर्जून करावी. ओव्हरले चालू असताना, किविक्सची पाने उघडत असताना, भिंतीवरचे बटण दहा वेळा सरळ बंद करावे आणि दर वेळी यंत्र उठते का, तारीख बरोबर आहे का ते पाहावे. दहाव्या वेळेनंतर 'गेट_थ्रॉटल्ड'चा आकडा आणि भार असताना पिन २ व ६ वरील मीटरचे वाचन लिहून मला कळवावे; वाचन ४.८ च्या खाली असेल तर अ‍ॅडॉप्टरचा फोटोही पाठवावा, मग पुढचे पाहता येईल.